भोंगा, वार आणि वीणा

देवासाठी वेळ उरत नाही ही तक्रार अलीकडे इतक्या सहजतेने उच्चारली जाते की, ही आपत्ती केवळ आपल्याच पिढीवर कोसळली असून आपल्या पूर्वजांना मात्र पूजाअर्चेसाठी अखंड निवांतपणा लाभला होता, असा समज नकळत रूढ होऊ लागला आहे. खिशातील यंत्र क्षणोक्षणी हाक मारते, कचेरीचे काम घरापर्यंत पाठलाग करते, प्रवासात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो, हे सारे खरेच आहे. परंतु यंत्राने माणसाच्या दिवसावर आपला अंमल बसवल्यानंतर त्या अंमलाखाली देवाचा वाटा कोठे आणि कसा राखावा, हा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आला तो सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, मुंबईच्या परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी आणि प्रभादेवी या गिरण्यांच्या टापूत. आणि ज्यांच्यापुढे तो उभा राहिला ती माणसे शास्त्री-पंडित नव्हती, तर रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून पोटामागे आलेली कुणब्यामराठ्यांची, माळ्यांची, महारांची मुलेबाळे होती. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संप, संघटना आणि शाहिरी यांची नोंद साक्षेपाने घेतली आणि संप्रदायाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आळंदी, देहू, पंढरपूर यांची. चाळीच्या गॅलरीत चालणारे आठवड्याचे भजन मात्र या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत उपेक्षितच राहिले, असे मला वाटते.

ही माणसे जो गाव मागे ठेवून आली त्या गावाच्या दिवसाला घड्याळ नव्हते, तरी मोजमाप होते. अहोरात्राच्या साठ घटका, चोवीस मिनिटांची एक घटका, आणि ती मोजण्यास पाण्यावर तरंगत ठेवलेले सच्छिद्र घटिकापात्र, ही व्यवस्था मुहूर्तासाठी आणि मोठ्या संस्थानांसाठी होती; शेतकऱ्याचा दिवस सूर्याने सुरू होई आणि सूर्यानेच संपे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, देवाची वेळ पाळणे हे काम त्या व्यवस्थेने एकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर सोपवले नव्हते. गुरव हा गावचा बलुतेदार. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि नित्याची पूजा हे त्याचे कर्तव्य आणि त्याबद्दल पिकातला वाटा हा त्याचा हक्क. मोठ्या देवस्थानांना नंदादीप, नैवेद्य आणि चौघडा यांच्या खर्चासाठी इनाम जमिनी असत, त्यांच्या सनदा असत, आणि १८५२ साली कंपनी सरकारने इनाम कमिशन नेमून सनदांच्या तपासणीस आरंभ केला तेव्हा या जुन्या बंदोबस्ताची पाळेमुळे किती खोल गेली आहेत हे दप्तरोदप्तरी उघड झाले. चौघड्याचा नाद शिवारात ऐकू आला की औत धरलेल्या माणसालाही आपल्या वतीने कोणीतरी देवापुढे उभे आहे याची जाणीव होत असे.

याहूनही महत्त्वाचे असे की, त्या काळच्या बहुतेक कामांत हात गुंतला तरी जीभ मोकळी राही. जात्यावर बसलेली बाई पिठाबरोबर ओवीही काढी. मोट हाकणारा गात गात मोट हाकी. जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल, अरणच्या मळ्यात सावता माळ्याला भेटणारा विठ्ठल आणि गोरोबांच्या चिखल तुडवण्यात रमलेला विठ्ठल, या कथा ज्या समाजाने रचल्या आणि शतकानुशतके जपल्या त्या समाजाचा धंदा आणि त्याची भक्ती एकाच वेळी, एकाच जागी चालू शकत होती. संतांनी त्याला काम टाकून देवाकडे येण्यास सांगितले नाही, कारण तशी गरजच पडत नव्हती.

गिरणीने हा सांधा तोडला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी उभी केली आणि १८५६ साली ताडदेवच्या गिरणीत सूत निघू लागले. शतक संपताना मुंबईत सत्तरांहून अधिक गिरण्यांची धुराडी उभी होती. साच्यांच्या घरघराटात आणि मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे, कामगार एकमेकांशी हाताच्या खुणांनी बोलत. तेथे ओवी कोठून उमटणार? पहाटेच्या काकड्याची जागा भोंग्याने घेतली. आरंभी काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, म्हणजे हिवाळ्यात थोडे कमी आणि उन्हाळ्यात बरेच अधिक. परंतु विजेचे दिवे आले तेव्हा सूर्याने घातलेली ती मर्यादाही संपली आणि काही गिरण्या दिवसाचे चौदा-पंधरा तास काम घेऊ लागल्या. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरवून त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, पण प्रौढ पुरुषाविषयी तो कायदा मौन पाळून होता. सणवारांच्या काही सुट्ट्या मिळत. साप्ताहिक विश्रांतीचा हक्क म्हणून मात्र काहीच नव्हते.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८४८ साली जन्मलेले लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केल्यामुळे कामगाराचे हाल त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होते, आणि १८८० पासून 'दीनबंधु' पत्राची सूत्रे हाती आल्यावर ते हाल लोकांपुढे मांडण्याचे साधनही त्यांना लाभले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवून त्यांनी जो अर्ज तयार केला त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्या अर्जातील पहिली मागणी वेतनवाढीची नव्हती. रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी, ही होती. त्याबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त इतकेच काम, पगार वेळेवर, आणि अपघातात जायबंदी झालेल्यास मोबदला, अशी कलमे होती. रविवारच का, याचे कारण चरित्रकार असे सांगतात की, रविवार हा खंडोबाचा वार असल्यामुळे बहुजन समाजाला तो कुळाचार आणि देवदर्शन यांसाठी हवा होता. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी पूर्वीपासून होती ती साहेबाच्या गिरिजाघरासाठी. गिरणीत तीच सुट्टी मागितली गेली ती जेजुरीच्या देवाच्या नावाने.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. सत्यशोधकांचा कटाक्ष भिक्षुकशाहीवर होता, पुरोहिताच्या मध्यस्थीवर होता. निर्मिकाविषयी त्यांच्या मनात संशय नव्हता, आणि खुद्द जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त खंडोबाला बळीराजाच्या राज्यातील अधिकारी ठरवून आपलेसे केले होते. तेव्हा ज्या चळवळीला धर्मद्वेष्टी म्हणून हिणवण्यात आले तिच्याच एका नेत्याने कष्टकऱ्याला देवासाठी आठवड्यातला एक दिवस मिळवून दिला, ही गोष्ट त्या हिणवणाऱ्यांनी आणि आजच्याही वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी. सहा वर्षे अर्ज, सभा, साक्षी यांत गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनी तेथे भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करीत असताना, त्याच रोगाने गेले.

सुट्टी मिळाली तरी नित्याच्या दिवसाचा प्रश्न शिल्लकच होता, आणि तो किती नाजूक होता हे १९०६ च्या जानेवारीत दिसून आले. सरकारने साऱ्या देशासाठी प्रमाणवेळ जाहीर केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. गिरणीने नव्या घड्याळाप्रमाणे भोंगा दिला की कामगाराला तेवढाच काळ अगोदर, ऐन थंडीच्या अंधारात, चाळ सोडावी लागणार, आणि प्रातर्विधी, स्नान, देवापुढचा दिवा यांना जी थोडी फुरसत होती तीच नेमकी कापली जाणार. त्या महिन्यात काही गिरण्यांतील कामगारांनी काम थांबवले, दगडफेकही झाली. त्यांचा राग एवढ्या एकाच कारणाचा होता असे मी म्हणणार नाही. लांबत चाललेल्या दिवसाचा संताप त्यात साठलेला होता. पण सूर्य एक वेळ सांगतो आणि मालक दुसरी, ही विसंगती त्यांना असह्य झाली, हे निश्चित. नगरपालिकेने आपल्या घड्याळांवर जुनी मुंबई वेळच कायम ठेवली, आणि शहरातला हा दुहेरी कारभार थेट १९५५ पर्यंत चालला. कामाचे तास पुढे कायद्याने हळूहळू उतरत गेले: १९११ साली बारा, १९२२ साली आठवड्याचे साठ, १९३४ साली चोपन्न आणि अखेर अठ्ठेचाळीस.

आता चाळीकडे वळू. एका खोलीत पंधरा-वीस पुरुष, ज्यांची बायकामुले गावी आणि ज्यांचे जेवण खानावळवाल्या बाईकडे, अशी बिऱ्हाडे गिरणगावात घरोघर होती. एक पाळीवर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा झोपे. तेथे देवघरासाठी जागा नव्हती आणि एकांत तर स्वप्नातही नव्हता. अशा माणसाला कोणी निवांत बसून नामस्मरण करावयास सांगितले असते तर तो उपदेश त्याची थट्टाच ठरला असता. त्याने निराळा मार्ग काढला. एका गावचे किंवा एका चाळीचे लोक मिळून भजनी मंडळ स्थापन करीत, त्याला बहुधा ग्रामदेवतेचे नाव देत आणि वार लावीत. दत्ताचे असेल तर गुरुवार, मारुतीचे असेल तर शनिवार, विठ्ठलाचे असेल तर एकादशी. आणि एकदा वार लागला म्हणजे तो मोडायचा नाही. पगाराच्या दिवशी ठरलेली वर्गणी जमा व्हायची, तीतून टाळांचे जोड, पखवाज, पुढे पेटी, आणि दरखेपेचा बुक्का, फुले, खडीसाखर. गॅलरीत घोंगडी अंथरली, विठोबाची तसबीर भिंतीला टेकवली, समईत तेल घातले, की देऊळ उभे राहिले. वारकरी वळणाचे भजन असेल तर नामघोष, मंगलाचरण, रूपाचे अभंग असा क्रम चालून गवळण, आरती आणि पसायदानाने सांगता व्हायची. रत्नागिरीकडच्या मंडळांत बुवा पेटीवर बसून चाली बांधीत, कोरस ती चाल उचली, आणि दोन बुवांचा सामना ठरला म्हणजे डबलबारी रात्रभर रंगे.

या मंडळाची खरी शक्ती गाण्यात नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करतो. ती हजेरीत होती. मंडळातला एखादा दोन वार दिसला नाही की त्याची विचारणा व्हायची, आजारी असेल तर समाचाराला माणूस जायचा, दारूच्या दुकानाकडे वळला असेल तर त्यालाही बुवांचे चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे. गावाकडे गुरव जे काम बलुत्याच्या मोबदल्यात करी ते काम येथे चाळीने वर्गणी काढून आपल्या अंगावर घेतले. ज्याच्याजवळ स्वतःच्या मालकीचा तास नाही अशा माणसाला त्याच्या सोबत्यांनी आठवड्यातली एक रात्र राखून दिली, आणि ती त्याच्या मनाच्या लहरीवर न ठेवता सर्वांच्या शब्दावर ठेवली. एकट्याने देवासाठी काढलेला वेळ पहिल्याच निकडीला बळी पडतो; दहाजणांबरोबर ठरवलेल्या वाराला निकडीपुढे टिकून राहण्याचे बळ येते. माझ्या मते गिरणगावाने महाराष्ट्राच्या धर्मजीवनाला दिलेली ही देणगी वर्षातून दहा दिवस गाजणाऱ्या कोणत्याही उत्सवापेक्षा मोठी आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात तर ही शिस्त आणखी स्पष्ट दिसे. सात अहोरात्र वीणा खाली ठेवायची नाही हा सप्ताहाचा दंडक. त्यासाठी पहारे लावले जातात आणि एकाच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. गिरणीत दिवसरात्र पाळ्या सुरू झाल्या तेव्हा सप्ताहाचे पहारे त्यांच्याशी जुळवून घेणे या माणसांना जड गेले नाही. दुसरी पाळी करून मध्यरात्री सुटलेल्याला मध्यरात्रीनंतरचा पहारा, रातपाळीवाल्याला दुपारचा, पहिल्या पाळीवाल्याला सांजेचा हरिपाठ. यंत्र अखंड चालवण्यासाठी मालकाने माणसांची जी वाटणी केली तिच्याच फटींतून नाम अखंड चालवण्याची वाटणी बसली.

पंढरपूरची पायी वारी म्हणजे दोन-तीन आठवड्यांचा काळ; तो गिरणीतून मिळणे दुरापास्त. तरी बदली कामगाराची पद्धत होती. आपल्या जागी बदली लावून, कामगार नेमणाऱ्या जॉबरची मर्जी सांभाळून, आषाढीला किंवा शिमग्याला जाणारे जात, आणि हंगामात व सणांत कामगार गावी निघून जातात अशी मालकांची तक्रारही कायमची असे. आगगाडीने त्यांची थोडी सोय केली. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोचला आणि थोडक्या रजेत दर्शन शक्य झाले. ज्यांना तेही शक्य नव्हते ते आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात दिंडी नेत.

एका गोष्टीची खंत मात्र नोंदवली पाहिजे. गिरण्यांच्या आरंभीच्या काळात कामगारांत स्त्रियांचा भरणा लक्षणीय होता; रिळे आणि वाइंडिंग खात्यांत त्याच बसत. त्यांच्या दिवसात गिरणीचे तास होतेच, शिवाय पाणी भरणे, स्वयंपाक, मुले, आणि पुष्कळदा चार परक्या पुरुषांची खानावळ. भजनी मंडळाच्या फरसावर त्यांना जागा नव्हती. उपवास, दाराशी लावलेला दिवा आणि मंगळवार-शुक्रवारचे देवीदर्शन एवढेच त्यांच्या वाट्याला आले. जात्याबरोबर त्यांची ओवी गेली आणि तिच्या जागी दीर्घकाळ काहीच आले नाही. स्त्रियांची भजनी मंडळे पुढे निघाली आणि आज ती पुरुषांच्या मंडळांपेक्षा जोमाने चालतात, हे खरे. परंतु देवासाठी वेळ राखण्याची जी व्यवस्था पुरुषांनी एवढ्या कल्पकतेने उभारली तीत घरातल्या बाईचा विचार त्यांनी केला नाही, हा दोष त्यांच्या पदरी घालावाच लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे आले, माणसे गावी परतली किंवा विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर येथे पांगली. मंडळांपैकी पुष्कळ विखुरली. काहींनी नव्या वस्तीत वार चालू ठेवला. भजनाची एक शाखा उपनगरी गाडीत पूर्वीच रुजली होती. सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, झोळीतून निघणारे टाळ, आणि दसऱ्याला डब्याची पूजा. कामाला जाण्याच्या तासातच देवाचा तास गुंफण्याची ही युक्ती गिरणी कामगाराच्या बुद्धीशी सख्खे नाते सांगते. तिच्याविरुद्ध सहप्रवाशांच्या तक्रारी होतात आणि त्यांतल्या काही रास्त असतात. रातपाळी करून डोळे मिटू पाहणाऱ्या माणसाची झोप मोडून केलेले भजन विठ्ठलाला आवडत असेल असे मला वाटत नाही.

ज्यांना आज वेळ मिळत नाही त्यांच्यापाशी आठ तासांचा कायदा आहे, रविवार आहे, स्वतःची खोली आहे. नाही तो चारचौघांत ठरवलेला वार. तो लावावा, आणि लावणे फारसे अवघड नाही.

आणखी एक विनंती. त्या जुन्या मंडळांच्या वह्या, वर्गणीच्या, हजेरीच्या, पहाऱ्यांच्या आणि हाताने उतरवून घेतलेल्या अभंगांच्या, अजून कोकणातल्या आणि घाटावरच्या अनेक घरांत माळ्यावरच्या ट्रंकांत पडून आहेत. त्या लिहिणारे बहुतेक गेले, आणि कागदाला वाळवी लागते आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. तिच्या पानांवरील तारखा, नावे आणि आणे-पैसे यांची एक स्वच्छ प्रत करून जवळच्या ग्रंथालयात किंवा इतिहास मंडळात द्यावी.